कोठीचा पत्रा

घटातलं धान बोटभर वर आलं की मला आभाळाकडे बघायची खोड लागते. नवरात्रात बाकीचं जग देवीकडे बघतं, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वेकडे बघते, कारण परतीचा पाऊस आमच्याकडे तिकडून चढतो. ढग पांढरे आहेत की काळे, आणि काळे असतील तर हलतायत की बसलेत. आज सकाळी बसलेले दिसले. विलास, म्हणजे माझा नवरा, चहाचा कप हातात धरून मोबाइलवर हवामान बघत होता. मी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही आपणहून सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण आलंय की वाईट बातमी दोघांनी मिळून वाचली म्हणून ती बदलत नाही.

आमचा द्राक्षांचा मळा दिंडोरी रस्त्याला आहे. भादव्याच्या शेवटी बागेची छाटणी होते, वेली नुसत्या काड्या होऊन उभ्या राहतात, आणि मग नवरात्राच्या सुमारास डोळे फुटायला लागतात. त्या फुटीला पोंगा म्हणतात. गुलाबीसर, लोकरीसारखा मऊ, आणि त्याच्या आत दडलेला घड तांदळाच्या दाण्याएवढा. वर्षभराचं जे काही आहे ते त्या दाण्यात असतं. नेमक्या त्या दिवसांत पाऊस आला, पानं ओली राहिली, वारा पडला, की डावणी येते. डावणी म्हणजे बुरशी. ‘पोंग्यात डावणी’ हे दोन शब्द आमच्याकडे कोणी मोठ्याने उच्चारत नाही. कोणाच्या घरी गंभीर दुखणं असलं की लोक जसे दारातच आवाज उतरवतात, तसा तो उतरतो.

मी मूळची शहरातली, सिडकोतली. वडील अंबडच्या एका कारखान्यात पत्रा वाकवण्याच्या कामाला होते. त्यामुळे लग्न होऊन मळ्यात आले तेव्हा मला द्राक्षातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पत्र्यातलं थोडंफार कळत होतं. रविवारी ते ओट्याच्या कडेवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने केरभरणी करून द्यायचे, शेजारपाजारच्या सगळ्यांना. हातोडी कधी एका जागी दोनदा बसायची नाही. इथून तिथपर्यंत हलके हलके टोले देत जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. पत्र्याला घाई कळते, म्हणायचे. मी जन्माची उतावळी, माझ्याकडे बघूनच म्हणायचे.

आज अंगणात झेंडूची टोपली आली आहे. सगळ्यांना या वासाने सण आल्यासारखं वाटतं. मला त्या एका वर्षीची खंडेनवमी आठवते.

त्या दिवशी पहाटे आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आदल्या संध्याकाळपासूनच हत्यारं घासायला काढली होती. छाटणीच्या कात्र्या, विळे, खुरपी, नटबोल्टचे पाने, हातोडी, पत्रा कापायची कात्री, शिवाय घरातली विळी. सगळं पुसून पाटावर मांडायचं, घटासमोर ठेवायचं, हळदकुंकू, झेंडू. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. माई तर भाजीसुद्धा आदल्या रात्री चिरून ठेवतात, म्हणजे नवमीला विळीवर बसायला नको. जी हत्यारं घरात येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे त्या स्वतः जातात. ट्रॅक्टरच्या नाकावर स्वस्तिक, आणि मागच्या ब्लोअरला हार.

ब्लोअर म्हणजे फवारणीचं यंत्र. औषधाची टाकी, तिच्या मागे भला मोठा पंखा, आणि पंख्याभोवती पत्र्याचं गोल कडं. पंखा फिरला की औषधाचं धुकं होतं आणि कड्यामुळे ते दोन्हीकडच्या वेलींवर नेमकं जातं. आदल्या वर्षी माईंनी दोऱ्याने बांधलेला हार वाऱ्याने सुटून चिखलात पडला होता. तो अपशकून त्यांनी वर्षभर मनात धरला होता. म्हणून त्या खेपेला त्यांनी हार तारेने बांधला. वेली मांडवाला बांधायची बारीक तार, पंख्याच्या मागच्या जाळीला, चांगले पीळ देऊन. बांधून झाल्यावर ओढून बघितला आणि समाधानाने मान हलवली, ते मला अजून दिसतं.

दहाच्या सुमारास कुठूनसा ढग आला आणि तासभर नुसता कोसळला. थांबला तेव्हा पानापानाला थेंब लटकत होते आणि वारा नावालाही नव्हता. आम्ही दोघं पडवीत उभे होतो. पलीकडच्या मळ्यातला ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज आला, मग त्याच्या पलीकडचा, मग ओढ्यापल्याडचा. पिकाला सण नसतो. जो तो हार उतरवून बागेत शिरला होता.

विलासने हार उतरवला नाही. आई देवघरात बसली आहे, म्हणाला, तिने सकाळी बांधलेला हार मी काढायचा म्हणजे पूजा मोडली. राहू दे. हारासकट चालवलं म्हणजे देवाला बरोबर घेऊन निघालो. शहरातल्या कुठल्याही मेकॅनिकला हे सांगितलं असतं तर त्याने डोक्याला हात लावला असता. पण त्या घटकेला, त्या पडवीत, मलाही ते अगदी रीतसर वाटलं.

पंख्याने वेग घेतला, आणि हार आत ओढला गेला. त्या जाळीची एक बाजू कधीचीच तुटलेली होती. आधी फडफड झाली, भगव्या पाकळ्यांचा फवारा उडाला, मग तारेचा करकर आवाज, आणि मग आतून कोणी घणाने ठोकावं तसे दोन धडाके. विलासने यंत्र बंद केलं. पंख्याची दोन पाती तुटली होती. पाती घरात जादा होती. कडं मात्र खालच्या बाजूने फाटून, मुरगळून, निम्म्यापेक्षा जास्त गेलं होतं.

“कड्याशिवाय नुसता पंखा आहे,” विलास म्हणाला. “औषध सगळं जमिनीवर पडेल.”

मग त्याने आभाळाकडे बघितलं. दिवस मावळायच्या आत फवारा बसला नाही तर पानं रात्रभर औषधाविना ओली राहतील, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

घाईच्या वेळी माणूस आधी सोपे दरवाजे ठोठावतो. शेजारच्या दादांना फोन केला, ते म्हणाले, “माझं उरकलं की घेऊन जा, पण अंधार पडंल बघ.” हाताने फवारायचं तर माणसं हवीत, आणि आमची पेठकडची सगळी मजूर माणसं दसरा करायला आपापल्या पाड्यांवर गेली होती. त्यांना सणाला पोचवायला मीच परवा गाडी करून दिली होती. ब्लोअर विकणाऱ्या दुकानात फोन उचलला, तर ते म्हणाले हा जुना प्रकार आता निघतच नाही. नवीन कडं घडवून घ्यावं लागेल. म्हणजे पत्रा, आणि तो गोल वाकवून देणारा कोणीतरी, आणि तोही आज, खंडेनवमीला.

विलासने मांडवाची जाड तार घेतली आणि उरलेल्या कड्याभोवती वळवून तिचं गोल वेटोळं केलं. एवढ्या मापाचं पाहिजे, म्हणून माझ्या हातात दिलं. शहर मला माहीत, म्हणून मी निघायचं, आणि त्याने तोवर पाती बसवायची. निघताना मी देवघरात डोकावले. माई जप करत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. पंख्याचं पातं जुनं झालं होतं, तुटलं, एवढंच मी त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

गाडीत मात्र मी त्यांच्यावर मनापासून रागावलेली होते. दोरा पुरला नसता का? देवाला काय तार लागते? हे सगळं मी मोठमोठ्याने बोलत होते, आणि मागच्या सीटवर ते तारेचं वेटोळं प्रत्येक खड्ड्याला खणखणत होतं.

अंबडला नवमीच्या दिवशी तुम्ही कधी गेला आहात का? मी डबा घेऊन वडिलांकडे जायचे तेव्हा त्या गल्ल्यांत बोललेलं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी माझ्या चपलांचा आवाज येत होता. अर्धी उतरलेली शटरं, आत उदबत्तीचा धूर, आणि पिवळ्या-भगव्या माळा घालून गप्प उभी असलेली यंत्रं. प्रत्येक ठिकाणी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पेढा दिला, आणि हात जोडून नाही म्हणाले. पेढे नाकारता येत नाहीत. दुपारपर्यंत माझ्या पर्समध्ये नुसते पेढे झाले होते.

देवरेकाकांकडे मी आशेने गेले. ते वडिलांबरोबर एकाच मशीनवर होते, आता त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे. त्यांनी मला ओळखलं, वडिलांची आठवण काढली, वेटोळं हातात घेऊन फिरवून बघितलं.

“बेटा, माझ्याकडे आहे ते बेंडिंग मशीन. ते पत्र्याला सरळ घडी घालतं. तुला पाहिजे गोल. त्याला रोलिंग लागतं, तीन रुळांचं.”

“थोड्या थोड्या घड्या घालून गोल नाही होणार?”

“होईल. कोनाकोनाचा होईल, पण होईल.” मग ते थांबले. मशीनकडे त्यांनी बघितलं नाही, माझ्याकडेच बघत म्हणाले, “पण आज नाही चालू करणार. राग मानू नको. या मशीनने अजून कोणाचं बोट नेलेलं नाही. इथली पोरं वर्षभर तिच्यात हात घालतात ते या एका दिवसाच्या भरवशावर. मी आज चालू केलं आणि उद्या कोणाला काही झालं, तर मी त्याच्या आईला काय सांगू?”

मी वेटोळं परत घेतलं. वडिलांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती, आणि ते देवरेकाकांना माझ्याइतकंच माहीत होतं.

बाहेर येऊन मी सवयीने मोबाइल काढला. अडलं की वडिलांना फोन करायचा ही माझी लग्नानंतरचीसुद्धा सवय. बोट त्यांच्या नावावर गेलं आणि आठवलं की ते पावसाळ्याआधीच गेलेत, नाव मीच काढलेलं नाही. मी तिथे फुटपाथवर उभी राहून रडले, थोडंसंच. वेळ नव्हता.

“द्वारकेच्या चौकाकडे जा ना,” माझी अडचण ऐकून कडेचा रसवंतीवाला म्हणाला. “तिकडं मुसलमान कारागीर बसतात. त्यांना कसली आलीय नवमी.” हे मला आधीच सुचायला हवं होतं, म्हणून मी स्वतःवर चरफडत निघाले. द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळी वाहनं एकमेकांत घुसली होती, ट्रॅव्हल्सवाले ओरडत होते, आणि सगळ्यांच्या बॉनेटवर झेंडू. सिग्नलला उभी असताना काचेवर दोन थेंब पडले. मी ते वायपरने पुसले नाहीत. पुसले की पाऊस आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

विचारत विचारत रफीकभाई नावाच्या कारागिराचं दुकान सापडलं, चौकातल्या पुलापासून आत, गॅरेजच्या ओळीत. पत्र्याची पिंपं, कूलर, धुराड्याचे पाइप, सगळं गोल काम. दारातच तीन रुळांचं रोलिंग मशीन उभं होतं. मी त्याच्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात दिसलं. वरच्या रुळाला झेंडूचा हार होता.

मी हाराकडे बघत राहिले. रफीकभाईंना सवय असावी.

“ताई, ये मशीन मी भालेकरशेटकडून घेतली. देताना ते बोलले, किंमत कमी करतो, पण नवमीला बंद ठेवशील. मी हो बोललो. आता शेट नाही राहिले. जबान तर राहिली ना.”

“माझी बाग जाईल हो,” मी म्हणाले. असं मी अजून कोणाला म्हटलं नव्हतं. विलासलाही नाही.

त्यांनी मला बसवलं नाही की पेढा दिला नाही. वेटोळं घेतलं, रुळांच्या अंगाशी धरून बघितलं, कपाळाला हात लावून जरा विचार केला. “कल सुबह पहिलं काम तुमचं. पण तुम्हाला उद्या नको आहे.” मग म्हणाले, “गोल पत्रा मिळाला तर बसवाल का घरी? कुठलंतरी पिंप, टाकी, काहीही. मापापेक्षा जरा कमी गोल बघा. कापला की तो उघडतो, मग बरोबर बसेल. पातळ असला तर दोन लावा, एकावर एक.”

त्यांच्या दुकानातलीच पिंपं मी एकेक करून मापली. काही मोठी, काही अगदीच लहान. एकही बसेना. शेवटी ते बाहेर गेले, स्कूटरची डिकी उघडली, आणि रिव्हेट मारायची पक्कड आणि मूठभर रिव्हेट आणून माझ्या हातात दिले.

“हत्यार आहे ना हे?” मी विचारलं. मला तेवढ्यातही कुरापत काढल्याशिवाय राहवलं नाही.

“हे डिकीत होतं,” ते गंभीरपणे म्हणाले. “पूजेत नव्हतं.”

परतीच्या वाटेवर मी गोल वस्तू बघत होते. टायर, पाण्याच्या टाक्या, रस्त्याकडेचे सिमेंटचे पाइप, चुलीवरची पातेली. जगात इतकं गोल आहे हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं, आणि त्यातलं एकही माझ्या मापाचं नव्हतं. दोन्ही बाजूंना बागांमधून ब्लोअर फिरत होते. पांढरं धुकं वेलींवरून सरकत होतं. दुसऱ्याच्या घरातल्या चुलीचा धूर बघत उपाशी घरी जावं तशी मी त्यातून गेले. रफीकभाईंचं बोलणं डोक्यात होतं, पण आमच्या घरातली पिंपं सगळी प्लास्टिकची झालेली. पत्र्याचं असं काही उरलंय हे आठवेचना.

घरी आले तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. विलास ब्लोअरखालून बाहेर आला, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि पुन्हा खाली गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन ते वेटोळं जमिनीवर टाकलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसले.

माईंना सणाच्या दिवशी जमिनीवर पडलेलं काही खपत नाही. त्या देवघरातून आल्या, “काय शे हे?” म्हणाल्या. त्या कळवणकडच्या, घाईत असल्या की माहेरची बोली येते. वेटोळं उचलून त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खुंटी सापडेना, म्हणून कोपऱ्यातल्या धान्याच्या कोठीवर ठेवलं.

ते झाकणावर राहिलं नाही. झाकणावरून घसरलं आणि कोठीच्या अंगाने, सगळीकडे बोटभर जागा सोडून, खाली जमिनीवर जाऊन बसलं.

मी उठून उभी राहिले. कोठी माझ्या डोळ्यांसमोर लग्न झाल्यापासून होती, आणि तिला पत्रा आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. ती मला कोठीच दिसत होती. माईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी कळवणच्या बाजारातून घडवून घेतलेली, बैलगाडीत घालून आणलेली. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव, ‘चि. सौ. कां. यमुना हीस वडिलांकडून’. दर शुक्रवारी माई ते नाव ओल्या फडक्याने पुसतात. आणि सणावाराला कोठी रिकामी करायची नसते, हे मला या घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं होतं.

मागू कसं हे कळत नव्हतं. रागावणं सोपं होतं, दिवसभर ते जमलं होतं.

माई वेटोळ्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. मग सावकाश म्हणाल्या, “इलासला बोलव. आणि गव्हाला चादर अंथर.”

“माई, आज कोठी...”

“मी मघा गेले व्हते शेडमदी. जाळीत झेंडू अडकलेला पाह्यला, आन तारबी.” त्यांचा आवाज सपाट होता. “पातं जुनं झालं म्हनली तू. मला ऐकू कमी येतं रेखा, दिसतं चांगलं.”

दिवसभर गाडीत जे जे बोलले होते ते सगळं मला आठवलं. त्या एवढा वेळ जप करत नव्हत्या. त्या वाट बघत होत्या, माझी, आणि बहुतेक शिक्षेची.

आम्ही गहू चादरीवर ओतला. शेवटची मूठ माईंनी स्वतः आत हात घालून काढली आणि पितळी डब्यात ठेवून डबा देवासमोर ठेवला. “एक मूठ देवापाशी हाय, म्हंजी कोठी रिकामी नाय,” म्हणाल्या. हे मला सांगितलं की देवाला की त्यांच्या वडिलांना, कोण जाणे. मग पाटापुढे बसल्या, नमस्कार केला, आणि पत्रा कापायची कात्री उचलली. तिच्यावरचं कुंकू पदराने पुसलं नाही. तशीच विलासच्या हातात दिली.

विलास कोठीच्या मागच्या बाजूने सुरू करणार होता. माईंनी त्याचा हात धरला. “ती भिताडाकडची बाजू गंजलीय. इकडून घे.” इकडे नाव होतं.

“आई, नाव जाईल.”

“जाऊ दे. गंजका पत्रा किती दिस टिकंल?”

तो कापताना जो आवाज झाला तो मी कोणाला सांगू शकणार नाही. माई तिथेच उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. पट्टी सुटली आणि रफीकभाई म्हणाले होते तशी जराशी उघडली, वेटोळ्याइतकी. एकीवर एक अशा दोन पट्ट्या, वर नावाची. कड्याला लावताना एका ठिकाणी पत्रा आत आला होता, पंख्याला लागला असता. विलास हातोडीचा एक सणसणीत टोला घालणार, तेवढ्यात मी हातोडी घेतली. हलके हलके, एका जागी दोनदा नाही, इथून तिथपर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. हात माझाच होता, पण सवय माझी नव्हती. बाहेर उजेड जात होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घाई केली नाही.

विलासने हाताने पंखा फिरवला. कुठे घासला नाही. मग यंत्र सुरू केलं. आम्ही तिघंही त्या आवाजाकडे कान लावून उभे होतो, कमी ऐकू येणाऱ्या माईसुद्धा. काही तुटलं नाही. ट्रॅक्टर ओळीत शिरला, धुकं दोन्ही अंगांनी वेलींवर चढलं, आणि माई खाली बसल्या, तिथे मातीतच.

मळ्यातल्या दोन बागांपैकी वरची फवारून झाली. खालच्या बागेपर्यंत पोचेतो अंधार पडला आणि पुन्हा पाऊस आला. खालची बाग त्या वर्षी गेली. आठवड्याने पोंगे करपून काळे पडले, विलास रोज जाऊन बघून यायचा. वरची राहिली. वरच्या बागेने आम्हाला ते वर्ष काढून दिलं. तेव्हापासून कोणी बाग कशी आहे विचारलं तर मी ‘राहिली’ म्हणते. त्यात काय काय येतं ते आमच्याकडच्या माणसाला कळतं.

दसऱ्याच्या दिवशी मी पक्कड परत द्यायला गेले तेव्हा रफीकभाईंच्या मशीनवरचा हार उतरला होता आणि रूळ फिरत होते. मी त्यांना आपट्याचं पान दिलं, आणि पर्समध्ये राहिलेला अंबडचा एक पेढा. पत्रा कुठला मिळाला, त्यांनी विचारलं. सांगितलं तर त्यांनी हातातलं काम थांबवलं.

घाईत एक गोष्ट झाली होती, ती दुसऱ्या दिवशी उजेडात दिसली. वरची पट्टी आम्ही उलटी बसवली होती. कड्यावर ‘यमुना’ हे नाव खाली डोकं वर पाय असं आहे. हंगाम संपला की सरळ करू, विलास म्हणाला. मग पुढचा हंगाम आला. औषधाच्या पांढऱ्या पुटाखाली ते अजूनही तसंच आहे. अर्धवट उरलेल्या कोठीत माईंनी माती भरून तुळस लावली.

आज नवमी आहे, आणि मघापासून अंधारून आलं आहे. माईंना आता हार बांधायला हात वर नेता येत नाही, म्हणून मी बांधला. ब्लोअरला नाही, ट्रॅक्टरच्या दिव्याला, साध्या दोऱ्याने, एका ओढीत सुटेल अशी गाठ मारून. माई काठी टेकत मागे गेल्या आणि कड्यावरच्या उलट्या नावाला त्यांनी कुंकवाचं बोट लावलं. दर वर्षी लावतात. आज मी विचारलंच, “माई, आपल्याच नावाला कोणी कुंकू लावतं का?”

“नावाला कुठं लावते,” त्या म्हणाल्या. “कोठीला लावते.”

पाऊस येऊन गेला. पलीकडच्या मळ्यातला पहिला ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला, आणि विलास जागेवरून उठला. मी दोरा ओढला, हार माझ्या हातात आला.

“हार काढला का?” माईंनी विचारलं.

“काढला,” मी त्यांच्या कानाशी म्हणाले, आणि हार वर धरून दाखवला.

त्यांनी हाराकडे बघितलं. तरी काठी टेकत स्वतः मागे गेल्या, पंख्याच्या जाळीवरून हात फिरवला, खालून वरून, आणि मग बाजूला झाल्या.